आरोग्यचिंतन : हृदयातील न मिटलेले दार

मातेच्या उदरात अर्भकाची फुप्फुसे श्वासोच्छ्वास करीत नाहीत. म्हणून हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्यात निसर्गाने एक झडपवजा वाट ठेवलेली असते. जन्मानंतर ती बहुधा मिटते. परंतु सुमारे 25 टक्के माणसांत ती आयुष्यभर अर्धवट उघडी राहते आणि बहुतेकांस त्याचा पत्ताही लागत नाही. तेव्हा ‘हृदयास भोक आहे’ एवढे ऐकून घरात रडारड होण्याचे कारण नाही.

संकट येते ते पायांकडून. पोटरीच्या शिरेत धरलेली रक्ताची गुठळी सुटली म्हणजे हृदयाच्या उजव्या बाजूने जाऊन फुप्फुसात अडकते. तेथील दाब वाढला की मागून येणारी दुसरी गुठळी त्या दारातून डावीकडे निसटते व मेंदू गाठते. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ यूलियुस कोनहाइम यांनी 1877 मध्ये 35 वर्षांच्या एका स्त्रीच्या शवविच्छेदनावरून हा मार्ग दाखविला. क्वचित गुठळी दारातच अडकते; अर्धी अलीकडे, अर्धी पलीकडे. अन्ननलिकेतून नळी उतरवून केलेल्या इको तपासणीत ती वळवळताना दिसते.

खरा पेच येथून पुढे. हेपारिनने रक्त पातळ केले तरी लोंबती गुठळी जागच्या जागी राहते. ती विरघळविणारे औषध द्यावे, तर तुकडा मेंदूत जाण्याची धास्ती. छाती उघडून ती काढावी व दार शिवून टाकावे, तर शस्त्रक्रिया मोठी. 2010 मध्ये अशा 174 रुग्णांचा आढावा प्रसिद्ध झाला; त्यांतील सुमारे 18 टक्के महिन्याच्या आत दगावले, आणि त्यांपैकी बहुतेक पहिल्या 24 तासांत. रुग्णास सोसवत असेल तर शस्त्रक्रियेकडे कल असणाऱ्यांचे म्हणणे आम्हांस युक्त वाटते. औषधही निर्धोक नसते. इस्रायलचे पंतप्रधान एरियल शेरॉन यांच्या हृदयातील असे छिद्र जानेवारी 2006 मध्ये बंद करावयाचे ठरले होते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतानाच, आदल्या दिवशी, त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला.

आपले पणजोबा गलबतातून मॉरिशसला गेले, तेव्हा निदान डेकवर पाय मोकळे करता येत असत. आज पिस्कॅटवेहून तिकडच्या नातलगांकडे जाताना आपण अवघा दिवस विमानाच्या खुर्चीत आखडून बसतो. चार तासांहून अधिक बैठ्या प्रवासाने शिरेत गुठळी धरण्याचा संभव सुमारे दुप्पट होतो, म्हणून अधूनमधून उठून चार पावले चालावे. प्रवासानंतर एकच पाय सुजला व दुखू लागला, तर तेल चोळीत बसू नये; त्याच दिवशी डॉक्टरांस दाखवावा. दम लागला, तोंड वाकडे झाले किंवा बोबडी वळली, तर शेजाऱ्याच्या मोटारीची वाट न पाहता 911 ला फोन करावा. रॅरिटन नदीपलीकडे न्यू ब्रन्सविकचे मोठे रुग्णालय जवळच आहे. तेथे पोहोचताच पायाची सूज आणि नुकताच झालेला प्रवास, या दोन्ही गोष्टी डॉक्टरांस न विचारताच सांगाव्यात.