प्रायोजकत्व नव्हे, ही तर उचलच!

२०२५च्या ऑगस्टमधील एका रविवारी मिस्सा आटोपून आम्ही वेदीवरचा पोशाख उतरवीत होतो, तोच आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ पेढ्यांचा पुडा घेऊन आत आले. “फादर, पोराचं काम झालं. विलायतेला हापिसात लागला. स्पॉन्सर भेटला,” असे सांगताना त्यांचा आवाज भरून आला होता. त्यांना आमच्याकडून दोन गोष्टी हव्या होत्या. एक, प्रवासासाठी आशीर्वाद; दुसरी, मुलाच्या वर्तणुकीचा दाखला.

आम्ही नेमणुकीचे पत्र पाहावयास मागितले. पदनाम होते ‘कार्यालयीन प्रशासक’. मुलगा वाणिज्य शाखेचा पदवीधर, सालस, रविवारच्या गायनवृंदातला. “यासाठी खर्च किती?” असे आम्ही विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, अकरा लाख. तीन लाख देऊन झाले होते. उरलेल्या आठांसाठी अंबड तालुक्यातील दोन एकर मोसंबीची बाग गहाण टाकण्याचे ठरत होते. आम्ही मुलाच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना केली; दाखला मात्र दिला नाही. त्यानंतर कित्येक रविवार ते कुटुंब मंदिरात आले नाही. ‘गरिबाचे पोर वर चढलेले फादरांना बघवत नाही,’ असेही कोणी म्हणाल्याचे आमच्या कानी आले. आमच्या नकाराचे कारण त्या कुटुंबाला आणि त्याच वाटेने निघालेल्या इतरांना सांगणे आम्हांस प्राप्त आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम ‘स्पॉन्सर’ या शब्दाचा अर्थ पाहू. एखाद्या देशातील मालकाला हवा तसा माणूस परदेशातून आणावयाचा असतो, तेव्हा तो आपल्या सरकारपुढे त्या माणसाची आणि त्याच्या कामाची जबाबदारी घेतो. हेच प्रायोजकत्व. ब्रिटनमध्ये त्यासाठी मालकाला सरकारी परवाना लागतो. परवानाधारकांची यादी कोणालाही पाहता येते. प्रत्येक कामगारामागे मालकाने प्रायोजकत्वाचे प्रमाणपत्र काढावयाचे असते आणि बहुधा ‘कौशल्य शुल्क’ही भरावयाचे असते. हे शुल्क कामगाराकडून वसूल करण्यास तेथील नियमांनी मनाई आहे. ३१ डिसेंबर २०२४ पासून प्रमाणपत्राचा व परवान्याचा खर्चही कामगारावर टाकता येत नाही. कामगाराने आपल्या व्हिसाचे शुल्क आणि आरोग्यसेवेचा अधिभार भरावा, एवढेच त्याच्याकडे उरते. तात्पर्य, प्रायोजकत्व हा मालकाने उचलावयाचा भार आहे. तो विकावयाचा माल नव्हे. जो कोणी तो अकरा लाखांना विकतो, तो एकतर नियम मोडतो आहे, किंवा जे त्याच्यापाशी नाहीच ते विकतो आहे.

दुसरी गोष्ट कारकुनी कामाची. ब्रिटनमधील ‘कुशल कामगार’ व्हिसाची सध्याची पद्धत १ डिसेंबर २०२० रोजी सुरू झाली. त्या वेळी कार्यालय व्यवस्थापक, स्वीय सचिव, हिशेबनीस अशा पदांना दार उघडे होते. साध्या टंकलेखकाला किंवा स्वागतकक्षातील लेखनिकाला ते तेव्हाही नव्हते. एप्रिल २०२४ मध्ये किमान वेतनाची सर्वसाधारण अट वर्षाला २६,२०० पौंडांवरून ३८,७०० पौंडांवर गेली. २२ जुलै २०२५ पासून ती ४१,७०० पौंड झाली, आणि काही तात्पुरत्या याद्यांतील अपवाद सोडले तर नव्याने येणाऱ्यासाठी पदवीच्या दर्जाचेच काम असले पाहिजे असे ठरले. येथे आमचे पालक हमखास फसतात. दर्जा पाहिला जातो तो कामाचा, उमेदवाराच्या शिक्षणाचा नव्हे. मुलाने पदवी मिळविली म्हणून फायली लावण्याचे काम पदवीच्या दर्जाचे होत नाही. आणि फायली लावणाऱ्याला वर्षाला ४१,७०० पौंड देणारा दुकानदार असेल, तर तो जालन्याच्या मुलापर्यंत एजंटाच्या हाताने का पोहोचेल? त्याच्या दारात त्याच्याच गावची माणसे रांग लावतील. पेढे वाटले गेले ते या नियमानंतर जेमतेम महिनाभरात, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. आमच्या धर्मग्रामातील किती घरांना ‘उचल’ हा शब्द समजावून सांगावा लागेल? एकालाही नाही. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या गाड्या आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो. मुकादमाने हंगामाआधी उचल द्यावयाची, नवरा-बायकोने मिळून एक कोयता व्हावयाचे, थंडीत फडावर राबावयाचे, आणि हंगाम संपल्यावर हिशेबात उचल फिटलेली नसावयाची. मग तीच बाकी पुढच्या सालाच्या खात्यावर. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ सालचा. परंतु कर्जाने माणूस बांधण्याची रीत कायद्याला वळसा घालून जगली. या कोयत्यातून सुटण्यासाठीच आपल्या आईबापांनी मुलांना मिशनच्या वसतिगृहांत धाडले. त्यांनी पाटी-पेन्सिल हाती धरली, दहावी-बारावी केली, काही पदवीधर झाले. आणि आता त्याच पदवीधराला आपण पुन्हा उचलीच्या वहीत लिहून देत आहोत! फरक एवढाच की ऊसतोड्याला मुकादम पैसे देऊन बांधतो. येथे बांधून घेण्यासाठी आपणच मुकादमाला पैसे मोजतो.

ही उपमा कोणाला कठोर वाटेल. पण पाहा: प्रायोजित कामगाराचा व्हिसा एका मालकाशी जोडलेला असतो. मालकाचा परवाना रद्द झाला, अथवा त्याने कामावरून काढले, तर ब्रिटनमध्ये साधारणतः ६० दिवसांत दुसरा प्रायोजक शोधावा लागतो. न सापडल्यास परतीची वाट. आखातात ‘कफील’ या नावाने हेच नाते अधिक कडक स्वरूपात चालत आले. आपल्या पायावर गेलेला माणूस निदान नकार देऊ शकतो. डोक्यावर अकरा लाख घेऊन गेलेल्या मुलाला मालकाने सांगितले, ‘पत्रात कार्यालय लिहिले आहे, पण तू गोदामात पेट्या उचल,’ तर तो नाही कसे म्हणेल? गावी बाग गहाण पडलेली असते.

पवित्र शास्त्राच्या वाचकांना हे नवे नाही. याकोब परदेशी गेला, आपल्याच आप्ताच्या आश्रयाला राहिला. राहेलसाठी सात वर्षे राबला आणि त्याच्या पदरात घातली गेली लेआ. मग आणखी सात वर्षे. लाबानाने त्याची मजुरी पुनःपुन्हा बदलली, अशी तक्रार तो पुढे आपल्या बायकांपाशी करतो. करार एक आणि काम दुसरे, ही युक्ती आजच्या एजंटांनी शोधलेली नाही. लाबान फार जुना आहे, आणि तो बहुधा आप्ताच्याच रूपाने येतो. आपल्याकडेही एजंटाची ओळख करून देणारा कोणी मावसभाऊच असतो.

यावर आम्हांला जे उत्तर मिळते, ते आम्ही टाळणार नाही. “फादर, इथं तरी काय ठेवलंय?” प्रश्न खरा आहे. जालन्यात लोखंडाच्या सळ्यांचे कारखाने आहेत, बियाण्यांच्या कंपन्या आहेत. पण कारकुनाची जागा निघाली तर एकीमागे किती अर्ज पडतात हे सर्वांना ठाऊक आहे. त्यातच संस्थांमध्ये शिक्षकाच्या जागेसाठी लाखांची ‘देणगी’ मोजण्याची आपल्या समाजाला सवय झालेली. नोकरी विकत घ्यावयाची असते, हे आपण इतके गृहीत धरले आहे की परदेशी नोकरीची किंमत ऐकून कोणी दचकतही नाही. फक्त घासाघीस करतो. रोग इथला आहे. एजंटाने केवळ त्यावर आपले दुकान थाटले.

मात्र परदेशी जाण्याला आमचा विरोध आहे, असा अर्थ कोणी काढू नये. ज्या परदेशी मिशनऱ्यांनी मराठवाड्यात श्रद्धेचे बीज पेरले, तेही आपला देश सोडूनच आले होते. गोव्याचे बांधव जहाजांवर गेले, वसईचे आखातात गेले, आणि त्यांच्या कमाईतून घरे उभी राहिली. जालना जिल्हा अस्तित्वात आला तो १ मे १९८१ रोजी, म्हणजे श्रमिक संत योसेफाच्या सणादिवशी. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी मानवी श्रमावरचे आपले परिपत्रक प्रसिद्ध केले. माणसाला कामासाठी देश सोडण्याचा हक्क आहे, हे त्यांनी त्यात मान्य केले. परंतु त्या जाण्याने मायदेशाची हानी होते, आणि परक्या देशातील कामगार नडलेला आहे म्हणून त्याला पिळून घेता कामा नये, हेही बजावले. हक्क आणि इशारा, दोन्ही एकाच ठिकाणी आहेत. आपण पहिला उचलतो आणि दुसरा वाचीत नाही.

सरळ वाटाही आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यात १०,००० जणांची योजना ठरली. जुलै २०२४ च्या शासननिर्णयातील यादीत परिचारिका, आचारी, वीजतंत्री यांच्याबरोबर आरोग्यसेवेतील ‘लेखा व प्रशासन’ हेही काम आहे. आधी जर्मन भाषा शिकणे अटळ, आणि ते शिक्षण शासनाच्या खर्चाने द्यावयाचे ठरले आहे. ही योजना किती फळास येईल, हे दिसेलच. मंदगतीची टीका कोणी केली तर आम्ही वाद घालणार नाही. पण तिच्यातील तत्त्व योग्य आहे: आधी भाषा, आधी कौशल्य, मग नोकरी, आणि ती मिळविण्यासाठी बाग गहाण नाही. अकरा लाखांतला एक हिस्सा मुलाच्या भाषेवर आणि हिशेबशास्त्रावर खर्च झाला, तर व्हिसा नाही मिळाला तरी ती विद्या कोणी काढून घेणार नाही.

सरकारलाही आमचे एक सांगणे आहे. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणे नोंदणी नसलेल्या एजंटाला परदेशी नोकरीची भरती करता येत नाही. नोंदणीकृत एजंटालाही उमेदवाराकडून ३०,००० रुपये व त्यावरील कर याहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. अकरा लाख कोठे आणि तीस हजार कोठे! परंतु दहावी न झालेला मजूर ठरावीक १८ देशांत निघाला, तरच त्याची कागदपत्रे सरकारी मंजुरीसाठी तपासली जातात. दहावी उत्तीर्ण झालेल्याला त्या मंजुरीची गरज नाही, कारण शिकलेल्याला आपले हित कळते असे कायद्याने गृहीत धरले. अशा रीतीने आमचा कारकून दोन्हीकडून उघडा पडला. संरक्षणासाठी तो फार शिकलेला ठरतो, आणि व्हिसासाठी पुरेसा कुशल ठरत नाही.

शेवटी स्वतःकडे बोट वळविणे भाग आहे. असे दाखले आम्ही यापूर्वी दिले आहेत. धर्मग्रामाच्या शिक्क्याखाली ‘सद्वर्तनी व विश्वासू’ असे लिहिले, आणि पत्र न वाचताच आशीर्वाद दिला. त्यांतील एकजण आखातात ‘कार्यालय सहायक’ म्हणून गेला आणि दीड वर्ष गोदामात राबून रिकाम्या हाताने परतला. आमचा शिक्का पाहून त्याच्या आईने एजंटावर विश्वास ठेवला होता. तो शिक्का मुकादमाच्या वहीत उमटला, याची खंत आम्हांला आहे. ज्या गायकाचा दाखला आम्ही नाकारला, तो आज एका कारखान्याच्या वजनकाट्यावर नोंदी लिहितो. त्याच्या वडिलांचे तीन लाख आजतागायत परत आलेले नाहीत. आमचा नकारही तीन लाख उशिरा आला.

पालकहो, यापुढे दाखल्यासाठी जरूर या. येताना नेमणुकीचे पत्र आणा. मालकाचे नाव परवानाधारकांच्या यादीत आहे का, एजंटाची नोंदणी आहे का, पत्रातील कामाला तो देश व्हिसा देतो का, हे आपण मिळून पाहू. जे काही पैसे दिले असतील त्यांच्या पावत्याही आणा. मुलाने नोकरी विकत घेतल्याचे त्या पावत्यांवरून दिसले, तर आम्ही त्याच्यासाठी प्रार्थना करू, एजंटाविरुद्ध तक्रार लिहून देऊ, पोलीस ठाण्यात तुमच्यासोबत येऊ. दाखला मात्र देणार नाही.