रिसेप्टर बंद केला, पुढे काय?

फुप्फुसाचा अ‍ॅडेनोकार्सिनोमा, ईजीएफआर म्युटेशन पॉझिटिव्ह, आणि चिठ्ठीवर एकच औषध : जेफिटिनिब २५० मिलिग्रॅम, रोज एक. अशा चिठ्ठ्या आजही दिसतात. गोळी स्वस्त, घरी घेता येते, रुग्णाला आठवड्या-दोन आठवड्यांत बरे वाटू लागते. पण ती एकटी पुरते का, याचे उत्तर परळच्या टाटा मेमोरियलने २०१९ मध्येच दिले आहे.

डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांच्या त्या चाचणीत ३५० रुग्ण होते. निम्म्यांना नुसते जेफिटिनिब, निम्म्यांना सोबत पेमेट्रेक्सेड-कार्बोप्लॅटिन ही केमोथेरपी. आजार न वाढता गेलेला मध्यक काळ ८ महिन्यांवरून १६ वर गेला, एकूण आयुर्मानही वाढले. पुढे २०२३ मध्ये ‘फ्लॉरा-२’ चाचणीने ओसिमर्टिनिब या गोळीबाबत त्याच दिशेचा निष्कर्ष काढला, तेव्हा कुठे चर्चा रंगली. घरचा पुरावा आपण जरा उशिराच मनावर घेतो.

एकटी गोळी का पुरत नाही, याचे कारण पेशीतच आहे. एरवी वाढीचे प्रथिन येऊन चिकटले की दोन ईजीएफआर रिसेप्टर जोडीने येतात, त्यांचे टायरोसिन कायनेज चालू होते आणि ‘वाढ’ हा निरोप रास-मॅप कायनेज व पीआय३के-एकेटी या मार्गांनी केंद्रकापर्यंत जातो. एक्सॉन १९ मधील डिलिशन किंवा एल८५८आर हे म्युटेशन असेल, तर कुणी न चिकटताही रिसेप्टर चालूच राहतो. जेफिटिनिब तो थांबवते. पण नाशिकचा मुंबई नाका बंद झाला की वाहने द्वारकेकडून वळतात, तसे काही पेशींत मेट रिसेप्टर वाढून तोच निरोप पुढे नेतो, तर काहींत टी७९०एम हे नवे म्युटेशन येऊन गोळीच निष्प्रभ होते. केमोथेरपी या निरोपांच्या भानगडीत पडत नाही, ती विभाजनावरच घाव घालते. रिसेप्टरला न जुमानणाऱ्या पेशीही तिच्या तावडीत सापडतात.

मात्र किंमत आहे. टाटाच्या चाचणीत गंभीर दुष्परिणाम सुमारे २५ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर गेले. म्हणूनच प्रत्येकाला सरसकट केमोची जोड द्या, असे आम्ही म्हणणार नाही. पण पर्याय रुग्णासमोर मांडलाच नाही, हे समर्थनीय नाही. आणि केमो सुरू करून सुरगाणा-पेठसारख्या दूरच्या तालुक्यातल्या रुग्णाला परत पाठवताना तिथल्या डॉक्टरांच्या नावे चार ओळी लिहा : पेमेट्रेक्सेडच्या आठवडाभर आधीपासून फोलिक अ‍ॅसिड, बी-१२चे इंजेक्शन, प्रत्येक सायकलपूर्वी सीबीसी व क्रिएटिनिन, आणि अंगदुखीला परस्पर आयबुप्रोफेन नको.