खिडकी नको, कडी बदला

रूमवर राहत असाल तर आधी एक करा. खिडकी पूर्ण उघडून, परत नीट कडी लावून दाखवा. जमलं? नशीबवान आहात. पुण्याच्या पेठांमधल्या जुन्या घरांत, कॉट बेसिसच्या खोल्यांत कितीतरी खिडक्या सुतळीने बांधलेल्या, नाहीतर फटीत कागद कोंबून बसवलेल्या दिसतात. तळमजल्यावर राहणाऱ्या मुलींना विचारा, सुतळीच्या भरवशावर झोप कशी लागते ते.

यावर घरमालकाचं (आणि आपल्या आई-बाबांचंही) ठरलेलं उत्तर असतं: काढून टाकू, अ‍ॅल्युमिनियमची स्लायडिंग बसवू. मला हे अजिबात पटत नाही. दोन काचांची स्लायडिंग कितीही सरकवा, अर्धीच उघडते. लाकडी झडपांची खिडकी सताड उघडते. एप्रिलच्या दुपारी फरक कळतो.

आणि बिघडलंय काय? बहुतेक वेळा लाकूड नाहीच. बिघडलीय बिजागरी, कडी, वाऱ्यात झडप धरून ठेवणारा हूक. पिशवीत मावेल एवढं सामान! त्यासाठी सागाची चौकट भंगारात देणं म्हणजे चेन तुटली म्हणून सायकल विकणं. हां, चौकट कुजली असेल किंवा वाळवी लागली असेल तर हट्ट नको.

जुनी बिजागरी काढून दुकानात सोबत न्या, कारण लाकडातली खाच तिच्याच मापाची असते. रविवार पेठेत बोहरी आळी आहे. जुनं पितळ हवं तर बुधवारी-रविवारी जुना बाजार. खिशात लोहचुंबक ठेवा. चिकटलं तर आत लोखंड, वर नुसता मुलामा. पितळी बिजागरीला स्क्रूही पितळीच घ्या. जुन्या स्क्रूच्या खाचेत रंगाचे थर बसलेले असतात, ते खिळ्याने खरवडल्याशिवाय स्क्रूड्रायव्हर लावू नका. भोक मोठं झालंय? फेविकॉल लावलेल्या काड्यापेटीच्या काड्या ठोका, वाळू द्या, मग स्क्रू पिळा. झडप धरायला मात्र दुसरं माणूस हवंच. रूम पार्टनर झोपला असेल, उठवा.

खर्च कुणाचा? माझ्या मते मालकाचा. डिपॉझिट परत देताना भिंतीवरचा ओरखडाही मोजला जातो, मग न लागणारी कडी का नाही? चावी घेण्याआधी नळ, पंखा बघता तशी प्रत्येक कडी लावून बघा, फोटो काढा, मालकाला व्हॉट्सअ‍ॅप करा. ‘बघू’ असं उत्तर आलं, तर सामानाचं बिल भाड्यातून वळतं करू का, हेही तिथेच विचारून घ्या.