मुसाफिराचा हक्क रात्रीही असतो

उमराहून परतणारे आपल्या गावाकडचे बुजुर्ग मुंबई विमानतळाबाहेर आले की पहिला प्रश्न असतो, सीएसएमटीला जायचे कसे? ऑक्टोबर 2025 पासून दिवसा तरी याचे उत्तर सोपे आहे. टर्मिनल 2 पासून भुयारी मेट्रो 3 थेट सीएसएमटीला पोहोचवते. आरे ते कफ परेड या संपूर्ण 33.5 किलोमीटरचे भाडेही 70 रुपयेच आहे.

पण आखाती देशांतून येणारी बरीच विमाने रात्री उतरतात, तेव्हा मेट्रो बंद असते. हातात बॅगा आणि झमझमचा कॅन घेतलेला थकलेला माणूस मग समोरचा मागेल ते भाडे देतो.

कुरआनने सूरह तौबामध्ये जकातीच्या आठ हकदारांत मुसाफिरालाही स्थान दिले आहे. मला वाटते, अडलेल्याच्या हातावर पैसे ठेवणे ही जशी मदत, तशी त्याची वाट सोपी करणे हीही मदतच. म्हणून विमानतळ ते सीएसएमटी अशी रात्रभर, ठरलेल्या वेळी सुटणारी आणि सहज सापडणारी बससेवा आपण मागितली पाहिजे. केवळ उमराहच्या प्रवाशांसाठी नाही, सर्वांसाठी. तोवर घरातल्या बुजुर्गांना मेट्रोचा मार्ग आणि वेळा निघण्यापूर्वीच समजावून सांगू या.