खिळा चिकटतो, मग तार का नाही?

कळवा स्टेशनात उभं राहिलं की दोन धातू एकदम दिसतात. खाली पोलादाचे, म्हणजे मुख्यतः लोखंडाचेच रूळ आणि वर २५,००० व्होल्टची तांब्याची तार. तिथे मात्र लांबूनच बघायचं हं! प्रयोग घरीच करू. एक चुंबक, एक लोखंडी खिळा आणि तांब्याच्या वायरीचा सुटा तुकडा घ्या. खिळा टुणकन चिकटेल. तार ढिम्म हलणार नाही.

लोखंडाचा अणुअंक २६, तांब्याचा २९. फरक फक्त तीन इलेक्ट्रॉनांचा! मग असं का? उत्तर आहे ते इलेक्ट्रॉन बसतात कसे, यात.

वहीत चौकोन काढा. एक चौकोन म्हणजे एक कक्षिका. एस उपकवचात एक चौकोन, पीमध्ये तीन, डीमध्ये पाच. एका चौकोनात फार तर दोघे, तेही एकाचा बाण वर तर दुसऱ्याचा खाली. हा पाउली यांचा १९२५ सालचा नियम. दुसरा नियम हुंड यांचा. तो तुम्हाला ठाऊकच आहे! कारशेडमधून आलेल्या रिकाम्या लोकलमध्ये जो तो आधी मोकळी खिडकी पकडतो. खिडक्या संपल्या की मग शेजारी बसणं आलं. एकाच उपकवचातले इलेक्ट्रॉनही तसेच वागतात.

आता लोखंड भरू. पहिले १८ इलेक्ट्रॉन आतल्या चौकोनांत जोडीजोडीने बसतात. पुढचे दोन ४एसमध्ये जातात, कारण ३डीच्या आधी ४एस भरतं. म्हणून तर पुस्तकात २, ८, १४, २ असं संरूपण येतं. उरले सहा आणि ३डीचे चौकोन पाच. पाच जण एकेकटे बसले, सहावा कुणाच्या तरी शेजारी. म्हणजे चौघे एकटेच राहिले.

प्रत्येक इलेक्ट्रॉन हे इवलंसं चुंबक असतं. जोडीतले दोघे उलटसुलट, म्हणून एकमेकांचा परिणाम पुसून टाकतात. एकट्यांचा मात्र शिल्लक राहतो.

तांब्यात ३डीचे दहाही इलेक्ट्रॉन जोडीने बसलेले असतात. ४एसमध्ये एकच उरतो. पण धातूत तो एका अणूपाशी थांबत नाही, सगळ्या तुकड्याचा होतो. तारेतून वीज वाहते ती अशाच मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळे.

पण थांबा! मँगनीजच्या अणूत पाच इलेक्ट्रॉन एकटे असतात, तरी मँगनीज चुंबकाला चिकटत नाही. नुसते एकटे असून भागत नाही. शेजारशेजारच्या अणूंनी एकाच दिशेला तोंड करायला हवं. लोखंडात ते जमतं. कोबाल्ट आणि निकेलमध्येही जमतं.

आता तुमची पाळी. जस्ताचा अणुअंक ३०. चौकोन भरा आणि जस्त चिकटेल का ते सांगा. मग छपराच्या 'जस्ताच्या पत्र्याला' चुंबक लावून बघा. तो चिकटला तर चूक कुणाची, वहीची की पत्र्याच्या नावाची?