गटनंबर नाही, तर जाहिरातही नाही!

हिमायतनगर, नारायणगुडा, काचीगुडा भागातल्या आपल्या जुन्या मराठी घरांत सध्या एक नवे वेड शिरले आहे. रात्रीचे जेवण झाले की मोबाईल घ्यायचा आणि मराठवाड्यातल्या लहान गावांतली विक्रीची घरे बघत बसायचे. सेलू, उदगीर, देगलूर. आजोबांचा वाडा कधीच गेला. आता इथला फ्लॅट विकून तिकडे दोन खोल्यांचे घर घ्यावे, अंगणात तुळस लावावी, असे साठी उलटलेल्यांना वाटते. त्या वाटण्याला आमचा विरोध नाही. राग आहे तो पडद्यावर जे विकायला मांडले जाते त्याचा.

गंमत पाहा. नांदेड जिल्ह्यातही एक हिमायतनगर आहे, पूर्वीचे वाढोणा. तिथले घर शोधायला नाव टाकावे तर आपल्याच गल्लीतले फ्लॅट समोर येतात! जिल्हा निवडून पुढे गेले की चार-दोन जाहिराती दिसतात. 'शांत परिसर, स्टेशनपासून दहा मिनिटे', एक फोटो, खाली दलालाचा फोन. गटनंबर नाही, सर्व्हे नंबर नाही, मालकाचे नावही नाही. भाव गुंठ्याचा, आणि आपला हिशेब गजाचा! (एक गुंठा म्हणजे १२१ चौरस यार्ड, हे तरी पाठ असू द्या.)

गेल्या वर्षी आपल्यातल्याच एका निवृत्त शिक्षकांनी अशाच जाहिरातीवर भरवसा ठेवून फोनवरूनच ५१ हजारांचे टोकन पाठवले. तिथे गेल्यावर हातात काय पडले? ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि शंभर रुपयांच्या बाँडवरचा करार. नमुना ८ ही करआकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. आणि घर बाँडवर विकत घेता येत नाही. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेच्या विक्रीला १९०८ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी लागते. आमच्यापैकी जे बँकेत आहेत त्यांच्यासमोर असे कागद येतात, तेव्हा कर्ज नाकारण्यापलीकडे हाती काही उरत नाही. टोकन मात्र तोवर गेलेले असते. काकांचे अजून परत आलेले नाही.

मग 'रेरा' कशाला आहे, असे कोणी विचारील. तेच तर दुखणे आहे. २०१६ च्या या कायद्यात ५०० चौरस मीटरपर्यंतच्या किंवा आठपर्यंत घरांच्या प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही. ५०० मीटर म्हणजे जेमतेम पाच गुंठे, आपल्या भाषेत सहाशे गज. मुंबई-पुण्यात ही किरकोळ सूट असेल. लहान गावात सहा रो-हाऊसची ओळ म्हणजेच मोठी स्कीम! नोंदणीच्या प्रकल्पांत व्यवहार करणाऱ्या दलालालाच परवाना लागतो, बाकीचा मोकळा. महारेराने ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केला, तोही नोंदणीच्या प्रकल्पांनाच. म्हणजे ज्याला संरक्षणाची सगळ्यात जास्त गरज, तोच उघड्यावर.

आणि हे सरकारला बदलता येत नाही असे मुळीच नाही. त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये लिहिले आहे की राज्य सरकारला गरज वाटल्यास ही मर्यादा कमी करता येईल. नवा कायदा नको, दिल्लीला जायला नको. गरज वाटायला हवी, बस्स. ती का वाटत नाही हे आम्ही सांगतो. १९५६ साली मराठवाडा तिकडे गेला आणि आपण इकडे राहिलो. आपले मत हैदराबादेत, पैसा मराठवाड्यात. तिथल्या आमदाराला आपले मत नको आणि इथल्या आमदाराची तिथे सत्ता नाही. फसलेला हैदराबादी मराठी माणूस कुणाच्याच मतदारयादीत बसत नाही!

पोर्टलवाल्यांनाही विचारतो. मोबाईलवर ओटीपी घेतल्याशिवाय दलालाचा नंबर दाखवत नाही, मग गटनंबराचा रकाना भरल्याशिवाय जाहिरात का घेता? तो एक आकडा मिळाला तर सातबारा इथे हिमायतनगरात बसून पाहता येतो. जमीन भोगवटादार वर्ग २ ची आहे का, इनामाची आहे का, याचा संशय तिथेच येतो. मराठवाड्यात निजामी इनामांचे गुंते किती, हे आपल्या घरांना नव्याने सांगायला नको. इथे आपल्याला ईसी काढायची सवय. तिकडे सूची क्रमांक २ पाहावी लागते, आणि त्यालाही आधी हाच आकडा हवा.

मंडळाने दोन मागण्यांचे निवेदन तयार केले आहे. लहान गावांसाठी कलम ३ ची मर्यादा खाली आणावी, आणि गट, सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे नंबराशिवाय घर-प्लॉटची जाहिरात बेकायदा ठरवावी. निवेदन महाराष्ट्राच्या गृहनिर्माण खात्याकडे जाईल, प्रत नांदेड, लातूर, परभणीच्या आमदारांना. सह्यांचे कागद कार्यालयात ठेवले आहेत. सही करताना तिकडे राहणाऱ्या एका तरी नातेवाइकाचे नाव व मतदारसंघ खाली लिहा. त्यांच्याकडे आपल्याजवळ नसलेले मत आहे.