सहल चौघांचीच बरी

‘अगदी आरामात जायचं हं, घाई मुळीच नाही!’ असं म्हणून जो माणूस खिशातून वेळापत्रक काढतो, त्याला सहलीला नेऊ नये. पडघ्यापर्यंत न्यावं, चहा पाजावा आणि एस.टी.त बसवून द्यावं.

माझं भांडण नियोजनाशी नाही, हौशी नियोजकाशी आहे. आम्हां भिवंडीकरांच्या कानांत अष्टौप्रहर यंत्रमागांची खटखट. रस्त्यावर यावं तर गोदामांकडे निघालेले कंटेनर. अशा गावातल्या चौघांनी नाशिकला, गंगापूर धरणाच्या बाजूला, एखाद्या द्राक्षमळ्यात दोन दिवस नुसतं बसून यायचं ठरवलं, तर त्यात कुणाचं काय गेलं? पण चौघांतला एक मेहुण्याला विचारतो. मेहुण्याला साडू असतो. साडूच्या ओळखीचा मिनीबसवाला असतो. झालं! बस सतरा सीटची, म्हणून माणसं सतरा.

मग तारीख. पोरांना सुट्टी, तेव्हा मे महिना! अहो, नाशिकची द्राक्षं उतरतात साधारण जानेवारी ते मार्चमध्ये. एप्रिलात खरड छाटणी होते. मे महिन्यात मळ्यात बघायचं काय? हिरवे फुटवे आणि घामाघूम नियोजक.

कार्यक्रम तर विचारूच नका. सकाळी त्र्यंबकेश्वर, अकराला पंचवटी, साडेबाराला मिसळ, दीडला एक वाइनरी, अडीचला दुसरी, साडेतीनला पांडवलेणी. (त्र्यंबकेश्वर आणि वाइनरी एकाच दिवशी! यावर आमच्या काकू जे म्हणाल्या ते छापण्याजोगं नाही.) वाइन म्हणजे काय तलाठ्याचा दाखला आहे, शिक्का मारला की चला पुढच्या टेबलावर? सुलाची पहिली वाइन २००० साली बाजारात आली, तेव्हापासून आपल्याकडे कुणी ना कुणी शिकवतोच आहे: आधी रंग बघा, पेला फिरवा, वास घ्या, मग घोट. सगळं सावकाशीचं काम. इथे सतराव्याचा वास घेऊन होईस्तोवर पहिला बसमध्ये बसून हॉर्न वाजवतोय.

५ जून २०२५ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा खुला झाला. आमणे आमच्याच तालुक्यातलं. आम्हाला वाटलं, चला, जरा निवांत जाता येईल. पण नियोजकानं वाचलेला सगळा वेळ तिसऱ्या वाइनरीला देऊन टाकला, वर मुक्काम रद्द! ‘रात्री घरी. लॉजचे पैसे वाचले.’

आणि परत येताना गाडी कोण चालवणार? हे मात्र त्या वेळापत्रकात कुठेच नसतं. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर मद्य सापडलं की गुन्हा, हा झाला कायदा. अंधारातला रस्ता तेवढंसुद्धा मोजत बसत नाही. ‘दोन घोटांनी काय होतंय!’ म्हणणाऱ्याच्या मागच्या सीटवर आपली पोरं झोपलेली असतात, साहेब. लॉजचे पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

तेव्हा एक गाडी, एक मळा, एक मुक्काम. फेब्रुवारीत आम्ही चौघं निघतोय. मेहुण्याला कळवू नका.